राउटर (इंटरनेटचा नव्हे!)

"राउटर घेतला" एवढंच मी घरच्या ग्रुपवर टाकलं होतं. पाच मिनिटांत मालवणहून अण्णांचा फोन. "अरे, जुना बिघडला काय? इंटरनेट बंद, मग फोन कसा लागला?" पुण्याच्या मावसभावाने तर कुठला घ्यायला नको होता यावर लांबलचक निरोप धाडला. तेव्हा मंडळी, आधीच सांगून टाकतो. हा राउटर लाकूडकामाचा. दोन मुठी असलेली एक मोटर, तिच्या तोंडाशी एक पातं, आणि ते पातं मिनिटाला वीस हजार वेळा फिरतं. लाकडाच्या कडेला खाच पाडायची, गोलाई द्यायची, साच्याबरहुकूम कड कापायची ही त्याची कामं. घरी फर्निचर करायला आलेल्या सुताराकडे तुम्ही पाहिलाही असेल. निदान ऐकला तरी नक्कीच असेल!

घेतला तो होडीसाठी. आम्ही राहतो सिअ‍ॅटलजवळ. २०२२ च्या सप्टेंबरात लेकीला घेऊन पोर्ट टाउनसेंडला लाकडी होड्यांच्या महोत्सवाला गेलो होतो. १९७७ साली सुरू झालेला हा महोत्सव म्हणजे आपल्याकडची जत्राच, फक्त खाजं मिळत नाही. तिथे एक कयाक ठेवली होती. कयाक म्हणजे वरून झाकलेली, दोन्ही टोकांना निमुळती होडी, जिच्यात माणूस कमरेपर्यंत आत जाऊन बसतो. ही सीडरच्या लाकडाची होती. मधाच्या रंगापासून काथाच्या रंगापर्यंतच्या बोटभर रुंद पट्ट्या एकीला एक चिकटून टोकापर्यंत गेलेल्या, आणि मध्ये कुठे फट म्हणून दिसेना. लेक तेव्हा दहा वर्षांची. तिने त्या लाकडावरून तळवा फिरवला आणि म्हणाली, "बाबा, अशी आपण करू या."

मी हो म्हणालो. तेव्हा हिशेब केलेला नव्हता.

हिशेब नंतर केला, निक शेड यांचं 'द स्ट्रिप-बिल्ट सी कयाक' हे पुस्तक आणून. होडी सतरा फुटांची. तिच्यासाठी आधी दर फुटाला एक असे प्लायवूडचे साचे उभे करायचे, म्हणजे होडीचे आडवे कापच म्हणा ना. त्यांच्यावर पाव इंच जाड आणि पाऊण इंच रुंद अशा सीडरच्या पट्ट्या एकीला लागून एक चिकटवत जायचं. मग आतून-बाहेरून काचेचं कापड आणि एपॉक्सी. शेवटी होडीत खिळा राहत नाही. साचे काढून टाकायचे. उरते ती होडी.

हे सगळं व्हिडिओ कॉलवर अण्णांना सांगितलं तर ते जराही चकित झाले नाहीत. "आमच्या रापणीच्या होड्या काथ्याने शिवलेल्या असायच्या. तिथे कुठे होता खिळा?" म्हणाले. इथेही प्लायवूडचे तक्ते तांब्याच्या तारेने शिवून मग सांधे एपॉक्सीने भरायची एक सोपी पद्धत आहे. आम्ही तीच धरली असती तर वर्षभर आधी पाण्यात असतो. पण लेकीला पट्ट्यांचीच हवी होती.

साच्यांच्या कामात राउटरवर माझा जीव जडला. होडीची डावी बाजू आणि उजवी बाजू तंतोतंत सारखी हवी, नाहीतर होडी जन्मभर एका बाजूला ओढत राहणार. जिगसॉने मी कापलेली कुठलीही रेघ म्हणजे घाटातला रस्ता. तर युक्ती अशी, की प्रत्येक साच्याची अर्धीच आकृती एका पातळ तक्त्यावर काढायची आणि तेवढीच कानशीने घासून घासून अचूक करायची. मग ती प्लायवूडवर डावीकडे ठेवून आणि उलटी करून उजवीकडे ठेवून राउटर फिरवायचा. या कामाच्या पात्याला छोटं बेअरिंग असतं. ते नमुन्याच्या कडेवरून घरंगळत जातं आणि पातं खालचं लाकूड बरोब्बर तेवढंच कापतं. एकदा नीट घासलेलं दोनदा वापरायचं, आणि दोन्ही बाजू एकाच आईच्या. पंधरा-सोळा साचे झाले तेव्हा मी स्वतःला सुतार समजू लागलो होतो. तिथेच घात झाला असावा.

आता पट्ट्यांकडे येतो, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

होडी गोलसर, त्यामुळे शेजारच्या दोन पट्ट्या कधीच एका पातळीत नसतात, थोड्या कोनात भेटतात. कडा नुसत्या चौकोनी ठेवल्या तर आतून चिकटतात आणि बाहेरून फट वासते. यावर जुना उपाय म्हणजे प्रत्येक पट्टीची कड रंध्याने त्या त्या जागेच्या कोनात तासायची. कोनही दर फुटाला बदलतो, सपाट तळाशी वेगळा, वळणावर वेगळा. नवा उपाय राउटरचा. पट्टीची एक कड गोल करायची आणि दुसरीला तेवढ्याच गोलाईची पन्हळ पाडायची. आपल्याकडे पोफळीची पन्हळ असते ना बागेत पाणी न्यायला, तशी, फक्त पाव इंचाची. मग एका पट्टीची गोल कड दुसरीच्या पन्हळीत बसते आणि कुठल्याही कोनात फिरवा, फट पडत नाही. खांद्याचा सांधा जसा फिरतो तसं. पन्हळीची बाजू वर ठेवून पट्ट्या लावत गेलं की तिच्यात डिंकही छान साठून राहतो. माझ्यासारख्या ज्याला रंधा धरता येत नाही त्याच्यासाठी ही केवढी सोय!

पण सोयीचीही मजुरी असते. आम्ही अठरा फुटी फळ्या आणल्या होत्या. त्यांच्या पट्ट्या करवतीवर चिरतानाच तीनातला एक भाग भुसा होऊन गेला, कारण पट्टी सहा मिलिमीटरची आणि करवतीच्या पात्याची वाट तीनाची. तरी नव्वद पट्ट्या निघाल्या. प्रत्येकीच्या दोन कडा, म्हणजे राउटरपुढून एकशेऐंशी फेऱ्या. अठरा फुटांच्या एकशेऐंशी फेऱ्या म्हणजे जवळजवळ एक किलोमीटर लाकूड हाताने ढकलायचं. (हे गणित लेकीने केलं. तोपर्यंत मला ते दुपारभराचं काम वाटत होतं.)

यासाठी राउटर टेबलाखाली उलटा टांगतात. पातं टेबलातून वर डोकावतं, त्याच्यामागे आधाराला एक सरळ फळी, आणि पट्टी त्या फळीला टेकवून पात्यापुढून सरकवायची. पात्याची उंची ठरवण्यात एक अख्खी सकाळ गेली. अर्धा मिलिमीटर जरी वरखाली झालं तर गोलाई मध्यावर येत नाही आणि होडीभर पायरी पायरी दिसते. म्हणून तुकड्यांवर करून बघायचं, आणि एकदा जमलं की त्या कडेच्या नव्वदच्या नव्वद पट्ट्या त्याच मापात संपवून मगच हात लावायचा. गोल कड आधी, पन्हळ नंतर. पन्हळीचे दोन्ही ओठ कागदासारखे पातळ असतात. ती आधी केली तर दुसऱ्या फेरीत फळीवर दाबून तेच चुरतात.

गॅरेज वीस फूट खोल. त्यामुळे टेबल दाराशी ठेवलं होतं. पट्टी आतून सुरू करायची, ती उजवीकडून डावीकडे जात दाराबाहेर निघायची, आणि बाहेर लेक ती झेलून ढीग लावायची. ऑक्टोबर २०२३ मधला शनिवार. तिला डोळ्यांवर चष्मा, कानांवर कानटोप, तोंडावर मास्क. मास्क महत्त्वाचा बरं का. या लाल सीडरच्या भुशात प्लिकॅटिक अ‍ॅसिड असतं आणि त्याने काही लोकांना कायमचा दमा जडतो. घरच्यांना सुरक्षिततेवर मी हेच भाषण द्यायचो, भुशाचं. दुपारपर्यंत नव्वद गोल कडा झाल्या. जेवलो. पातं बदलून पन्हळीचं लावलं.

आता नव्वद पट्ट्यांचा ढीग बाहेर, आणि सुरुवात करायची तर त्या सगळ्या पुन्हा आत न्यायला हव्यात. मला कंटाळा आला. म्हटलं, बाहेरूनच ढकलतो की! तू आत जा, आतून झेल.

ज्यांनी हे काम केलंय त्यांच्या पोटात इथेच गोळा आला असेल. वरून पाहिलं तर टेबलातलं पातं घड्याळाच्या उलट फिरतं. पट्टी उजवीकडून डावीकडे गेली की पात्याचे दात तिला समोरून येऊन भिडतात, आपल्याला ढकलावं लागतं, हाताला जोर लागतो. तो जोर म्हणजेच आपला ताबा. डावीकडून उजवीकडे घातली की दात पट्टीच्याच दिशेने पळत असतात. ते कापत बसत नाहीत, धरून भिरकावतात. एक इंच व्यासाचं पातं मिनिटाला वीस हजार फेऱ्यांनी फिरलं तर त्याच्या टोकाचा वेग ताशी पंचाण्णव किलोमीटरच्या आसपास येतो. हे गणित मी केलं, पण त्या रात्री.

पट्टी माझ्या हातातून गेली हे मला कळलंच नाही. बोटांना फक्त ऊब जाणवली. अठरा फूट लाकूड, वजन जेमतेम पाव किलो, समोरच्या भिंतीच्या जिप्सम बोर्डात घुसलं आणि मागे थरथरत राहिलं. कानटोप घसरला म्हणून लेक तो सरळ करायला एक पाऊल बाजूला झाली होती. भिंतीतलं भोक आणि तिचा खांदा यांच्यात वीतभर अंतर होतं.

ती हसली. तिला गंमत वाटली. मी राउटर बंद केला, टेबलावर दोन्ही हात टेकले आणि बराच वेळ तसाच उभा राहिलो. बायको आवाजाने बाहेर आली, तिने भिंतीकडे पाहिलं, मग लेकीकडे, आणि तिला हाताला धरून आत घेऊन गेली. दोन दिवस आमच्यात मीठ-साखरेपुरतंच बोलणं झालं. अण्णांना मी हे आजवर सांगितलेलं नाही. आज इथे वाचतील. अण्णा, सगळं ठीक आहे.

होडी सहा महिने बंद होती. गॅरेजमध्ये गाडी काढायला गेलं की साचे ओळीने उभे. माशाचा सांगाडाच.

त्या हिवाळ्यात मी ठरवलं, की राउटर नकोच. पूर्वी लोक रंध्याने करत होते, आपणही करू. चौकोनी पट्ट्या घेतल्या आणि साच्यांवर धरून कड तासायला बसलो. दर साच्यापाशी कोन बघायचा, तासायचं, लावून बघायचं, पुन्हा तासायचं. तीन पट्ट्यांना तीन संध्याकाळी लागल्या आणि तिन्हींच्या फटीतून दिवा दिसत होता. (त्या तीन पट्ट्या आता टोमॅटोच्या वेलांना आधार देतात. तिथे फट चालते.) पण एक झालं. होडी कुठे कशी वळते हे माझ्या हाताला पहिल्यांदा कळलं. राउटरवर एकशेऐंशी फेऱ्या केल्या असत्या तरी ते कळलं नसतं, कारण राउटरला होडी माहीतच नसते. त्याला नव्वद सारख्या कडा माहीत.

तेव्हा एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा राउटरकडे गेलो, पण आधी फण्या केल्या. फणी म्हणजे एक फळी घ्यायची, तिचं टोक तिरकं कापायचं आणि त्या टोकाला पाव पाव इंचावर लांब चिरा पाडायच्या. तयार होतात लवचिक लाकडी बोटं. ही फणी टेबलाला अशी आवळायची, की तिची बोटं पट्टीला दाबून धरतील, एक बाजूने आणि एक वरून. पट्टी योग्य दिशेने गेली तर बोटं वाकून वाट देतात. उलट जायला लागली तर तीच बोटं रुततात आणि अडवतात. म्हणजे ऑक्टोबरात फण्या असत्या तर बाहेरून पट्टी आत शिरलीच नसती. माझा कंटाळा तिथेच अडला असता. आणि ही काही गुप्त विद्या नव्हे हो, राउटर-टेबलाच्या कुठल्याही पुस्तकात पहिल्या काही पानांतच फणीचं चित्र असतं. मीही पाहिलं होतं. पुढच्या रविवारी करू म्हटलं होतं.

बायकोची एक अट होती. मशीन चालू असताना लेक गॅरेजमध्ये नको. मलाही तेच हवं होतं. बाहेर झेलायला दोन रोलर-स्टँड आणले आणि एका शनिवारी त्या दोघी लायब्ररीत गेलेल्या असताना एकोणनव्वद पन्हळी पाडल्या. हो, एकोणनव्वद. फण्यांमधून पट्टी सरकताना हाताला जो जोर लागत होता ना, तो इतका बरा वाटत होता की काय सांगू.

संध्याकाळी लेक आली, पट्ट्यांचा ढीग बघितला आणि म्हणाली, "बाबा, चूक तू केलीस. मग बाहेर मी का?"

मला उत्तर देता आलं नाही. तिला भीती वाटत नव्हती, वाटत होती ती मला. आणि तिच्या काळजीच्या नावाखाली मी तिची होडी तिच्याकडून काढून घेत होतो, हे मला तिने बोलून दाखवल्यावर दिसलं. पण म्हणून लगेच तिला मशीनपाशी उभं करण्याची हिंमतही नव्हती. मग मी तिला रंधा दिला, मुठीत मावणारा छोटा. मनात म्हटलं, वेळ जाईल तिचा.

आता गंमत ऐका. गोल कड आणि पन्हळ हे सगळं पट्टी सरळ जाते तोवर ठीक. होडीच्या बगलेवर पट्ट्या पटापट बसल्या, रोज दोन इकडे, दोन तिकडे. पण तळाशी आलो की दोन्हीकडच्या पट्ट्यांमध्ये लांबोळी, दोन्हीकडे टोकदार अशी जागा उरते, नावेच्या आकाराची म्हणा. तिथली प्रत्येक पट्टी दोन्ही टोकांना निमुळती होत होत सुरीसारखी संपवावी लागते. तिथे पन्हळ उपयोगाची नाही, गोलाई नाही, राउटर तर नाहीच. प्रत्येक टोक वेगळं. तासायचं आणि लावून बघायचं.

मी तासायचो ते टोक एकतर तोकडं व्हायचं नाहीतर फाटायचं. ती तासायची ते बसायचं. ती पट्टी उजेडासमोर धरायची, डोळा बारीक करायची, दोन पापुद्रे काढायची, परत धरायची. घाई नाही. मी "झालं का?" विचारलं की "थांब ना" म्हणायची. तळाचं उजवं अंग माझं आणि डावं तिचं आहे. होडी उलटी ठेवलेली असताना कुणीही येऊन सांगेल कुठलं कुणाचं. माझ्या बाजूला भुसा आणि एपॉक्सीच्या लांबीने भरलेल्या काळपट रेघा आहेत.

शेवटची पट्टी बसते तो इथल्या होडी बांधणाऱ्यांचा सण. जुन्या रिवाजाप्रमाणे त्या फळीवर व्हिस्की प्यायची असते. आमची शेवटची पट्टी दोन्ही बाजूंनी अडकलेल्या जागेत जायची होती. तिची गोल कड एका बाजूने बसवली तर दुसऱ्या बाजूला पन्हळीचा ओठ आडवा येई. माझं लक्ष नुसतं हातोडीकडे. तिने रंध्याने त्या पन्हळीचा आतला ओठ पूर्ण लांबीभर काढून टाकला, म्हणजे एवढ्या मेहनतीने पाडलेली पन्हळच घालवली, आणि पट्टी वरून अलगद दाबली. बसली. आम्ही तिघांनी कोकम सरबत प्यायलं, थोडं होडीवर सांडलं. डाग पडेल म्हणून बायको ओरडली. नंतर घासताना गेला.

आता वरचं झाकणही झालंय, काचेचं कापडही चढलंय. राहिलीय ती बसायच्या भोकाभोवतीची उभी कड. तिच्यावरचा प्लायवूडचा ओठ कापायला पुन्हा राउटर हवा, यावेळी टेबलाखालचा नव्हे, हातात धरायचा छोटा. लेक आता तेरा वर्षांची आहे. परवा जेवताना तिने विचारलं, "बाबा, हातातला राउटर बाहेरच्या कडेने कुठल्या दिशेने फिरवायचा?"

"घड्याळाच्या उलट."

"आणि आतल्या कडेने?"

मी एक क्षण थांबलो. ती म्हणाली, "घड्याळासारखा. आणि तू थांबलास."

मी बायकोकडे पाहिलं. "तुमचं तुम्ही बघा," म्हणाली, पण नाही म्हणाली नाही. मी अजून हो म्हटलेलं नाही. लेकीने मात्र आपल्या मापाचा चष्मा आणून गॅरेजच्या खुंटीला अडकवून ठेवलाय.